उतरवण्यासाठी उभारलेले

आज खंडेनवमी. देसाईगंजपासून सिरोंच्यापर्यंत जिथे जिथे भिंत चढते आहे तिथे आज काम थांबलेले असेल. थापी, ओळंबा, गुण्या, रंधा, घमेली, फावडी असे सारे धुऊन-पुसून एका फळीवर मांडलेले असेल. काँक्रीटच्या मिक्सरला झेंडूची माळ चढली असेल आणि वर्षभर सिमेंटने पांढरे पडलेले मिस्त्रीचे बोट आज हळदीकुंकवात बुडाले असेल. ज्या हत्याराच्या जिवावर घर चालते त्याला एक दिवस विश्रांती द्यायची आणि त्याच्यापुढे हात जोडायचे, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पण पूजेच्या त्या फळीवरून मान जरा वर केली, तर भिंतीला बिलगून उभी असलेली परांची दिसते. तिच्या वाट्याला फूल सहसा येत नाही. हत्यारात तिची गणना नाही आणि इमारतीतही नाही. तिच्यावर उभे राहून गिलावा होतो, रंग होतो, मग ती उतरते आणि तिचे पुढे काय झाले हे कुणी विचारत नाही. परांची, स्लॅबखालचे टेकू, सेंट्रिंगच्या फळ्या, मजुरांच्या झोपड्या, सिमेंटच्या पोत्यांवरचे छप्पर असे जे जे उतरवण्यासाठीच उभारले जाते, त्याचा विचार करायला आजच्यासारखा दिवस नाही.

दसरा हा आपल्याकडे ऋतूचा सांधा आहे. बांध्यांमधला हलका धान पिवळा पडू लागतो, वैनगंगेचे पाणी निवळते, नाल्यांवरचे रस्ते पुन्हा उघडे होतात आणि चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली बांधकामे अंग झटकून उठतात. यंदा आपल्या गडचिरोली जिल्ह्यात हे उठणे जरा मोठ्या प्रमाणावर आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा पुष्कळ वर्षे रस्ता मागत होता, पूल मागत होता, दवाखाना मागत होता. आज सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे, वडसा ते गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम चालू आहे, वैद्यकीय महाविद्यालय आले आहे आणि घरकुलांची जोती तर गावोगाव दिसतात. मागितलेले मिळत असताना मनात कृतज्ञता असावी हे खरे. त्याबरोबर एक हिशेबही असावा. पक्की इमारत उभी राहते तेव्हा तिच्याआधी, तिच्याभोवती आणि तिच्या पोटाखाली दुसरी एक कच्ची इमारत उभी राहिलेली असते. पहिलीचा खर्च अंदाजपत्रकात ओळीओळीने मांडलेला असतो. दुसरीचा खर्च दरात मिसळून जातो आणि तिचा माल रानात.

हा माल रानात कसा जातो, हे काम संपलेल्या कुठल्याही जागी जाऊन पाहावे. खिळ्यांनी चाळण झालेल्या फळ्या, सिमेंटचा थर चढून दगड झालेल्या बल्ल्या, मधोमध चिरलेले बांबू, उन्हाने करपून चिंध्या झालेली प्लास्टिकची ताडपत्री, तारेचे तुकडे, मजुरांच्या शेडखालचा काँक्रीटचा कोबा आणि शेजारी अर्धवट बुजवलेला शौचाचा खड्डा. शहरात हा पसारा निदान भंगारवाला उचलतो. आपल्या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाचा आहे. बांधकामाची हद्द संपते तिथे बहुतेक वेळा झाडी सुरू होते. मग त्या चिंध्या पहिल्या पावसात नाल्याला लागतात, गुरे ते प्लास्टिक चघळतात आणि त्या खिळ्यांवर कुणाचा तरी अनवाणी पाय पडतो. शिवाय पुढच्या कामासाठी पुन्हा नव्या बल्ल्या लागतात. त्या कुठून येतात हे जंगलाशेजारी राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने जो कायदा केला आणि जो २०२५ पर्यंत लागू होता, त्यात या कच्च्या इमारतीची आठवण ठेवलेली होती. काम चालू असेपर्यंत मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळ विनामूल्य तात्पुरता निवारा द्यावा, त्यात स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची आणि शौचाची वेगळी सोय असावी, आणि काम संपल्यावर मालकाने स्वतःच्या खर्चाने ती बांधकामे काढून जमीन सपाट आणि स्वच्छ करून द्यावी, असे त्यात कलम ३४ मध्ये लिहिलेले होते. किती साधी, किती घरंदाज अपेक्षा होती ही! लग्नघरच्या माणसाने शेजाऱ्याच्या अंगणात मांडव घातला, तर चौथ्या दिवशी तो उतरवून, खड्डे बुजवून, सडा टाकून अंगण परत करायचे असते, एवढेच कायद्याने म्हटले होते. आणि मांडवाची गोष्ट आपल्याला परकी कुठे आहे?

खरे तर हलके, पुन्हा पुन्हा वापरता येईल असे आणि मागे खूण न ठेवता उचलता येईल असे काहीतरी उभारणे, ही विद्या या भागात इतकी मुरलेली आहे, की तिला विद्या म्हणायचेही आपण विसरलो आहोत. लग्नाचा हिरवा मांडव घ्या. मेढी पुरायच्या, आडवे बांबू बांधायचे, वर जांभळीच्या डहाळ्या टाकायच्या; कार्य उरकले की डहाळ्या गुरांपुढे, बांबू गोठ्याच्या आढ्याला आणि मेढी परसात, पुढच्या कार्यापर्यंत. धान राखायचा मचाण तसाच. हंगाम सरला की त्याची लाकडे घरी येतात. पावसाळ्यानंतर दुर्गम भागात नाल्यावर गावकरी श्रमदानाने बांबू-लाकडाचा पूल घालतात, तोही याच जातीचा. तेंदूच्या दिवसांत फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, आठ-पंधरा दिवस नांदणारी झोपडीही तशीच. आणि आज गावोगाव शारदा-दुर्गेचे जे मंडप उभे आहेत, तेच बांबू आणि तीच कनात महिन्यापूर्वी गणपतीला होती, परवा विसर्जनानंतर उतरेल आणि तुळशीच्या लग्नानंतर एखाद्या नवरीच्या दारी लागेल. आपला बिछायत केंद्रवाला हा माल जपतो, कारण त्याची भाकरी त्याच्यावर आहे. बांबू मोजून देतो, मोजून घेतो, फुटला तर पैसे लावतो. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या राहुट्या संध्याकाळी उभ्या राहतात आणि पहाटे गाडीत चढतात, त्याच्यामागेही हीच शिस्त आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती झाडीपट्टीची रंगभूमी. भाऊबीजेनंतर मंडई भरू लागली की वडशाहून नाटकाचे सामान निघते. सकाळी ज्या मोकळ्या जागेत पोरे खेळत होती, तिथे संध्याकाळपर्यंत रंगमंच उभा राहतो, पडदे लागतात, दिवे आणि कर्णे चढतात, भोवती कनात फिरते. रात्रभर गाव हसते, रडते, आणि उजाडले की सारे उतरवून पुढच्या गावाच्या वाटेला लावले जाते. होळीपर्यंत हा फेरा चालतो. २०२३ साली पद्मश्री मिळालेले आपल्या जिल्ह्याचे परशुराम खुणे याच रंगमंचावर घडले. त्या सन्मानाने नटाचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते; पण रोज नव्या जागी उभा राहून रोज उतरणारा तो रंगमंच पाहिला की वाटते, याचे कौशल्य बांधकामाच्या शाळेत शिकवावे. कुठला खांब आधी, कुठला नंतर, कुठली दोरी कुठे सुटते, कुठले सामान गाडीत तळाशी आणि कुठले वर, हे तिथल्या पोरांच्या हातात बसलेले असते. उभारताना उतरवण्याचा विचार झालेला असतो, म्हणून एकच सामान हंगामभर पुरते आणि पुढच्या हंगामालाही उरते.

बांधकामावर हे होत नाही, याचे कारण पुष्कळदा एका खिळ्यात सापडते. घाई असते, दोर शोधायचा कंटाळा असतो, म्हणून बांबूला खिळा ठोकला जातो आणि बांबू उभा चिरतो. चिरलेला बांबू त्या दिवशी भार घेतो, पण उतरवल्यावर सरपणाच्याच कामाचा राहतो. जुना परांचीवाला असे करत नाही. तो पेराच्या लगत गाठ घेतो, म्हणजे दोर घसरला तरी पेरावर अडतो; काथ्या भिजवून आवळतो, म्हणजे वाळल्यावर पकड घट्ट होते; सांध्यावर दोन बांबू हातभर एकमेकांवर चढवतो आणि दोन ठिकाणी बांधतो. उतरवतानाही तो वरून बांबू भिरकावत नाही, दोराने सोडतो किंवा हातोहात देतो, कारण दोन मजल्यांवरून पडलेल्या बांबूच्या आत बारीक तडा जातो, तो दिसत नाही, आणि पुढच्या कामावर कुणाच्या तरी जिवावर बेततो. बांधणे आणि उतरवणे या दोन्हींची मजुरी वेगळी धरली पाहिजे, असे त्याचे म्हणणे असते. ते रास्त आहे. जिथे फक्त उभारण्याचे पैसे ठरतात, तिथे उतरवणे म्हणजे पाडणेच होते.

बांबू आपल्याकडचा आहे म्हणून त्याचे गोडवे गायचे, असे नाही. त्याच्या अंगी ते गुण आहेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या कोरड्या उतारांवर वाढणारा मानवेल बांबू जवळपास भरीव असतो, लवतो पण लवकर मोडत नाही. परांचीचा लोखंडी नळ सहा मीटरचा घेतला, तर त्याचे वजन वीस किलोच्या वर जाते. तेवढ्याच लांबीचा वाळलेला मानवेल त्याच्या निम्माही भरत नाही. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण भामरागडच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर, जिथे शेवटचे अंतर सामान खांद्यावर न्यावे लागते, तिथे शाळेची खोली या वर्षी होते की पुढच्या, हे त्या वजनावर ठरते. पर्लकोटा नदीला पूर आला की त्या बाजूचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे अनुभवले आहे. अशा ठिकाणी जड सामान नेणे आणि परत आणणे परवडत नाही, म्हणून ते तिथेच टाकून दिले जाते किंवा जवळचे रान तोडले जाते. हलके असणे ही तिथे चैन राहत नाही.

मात्र बांबू हा बांबूच्या धर्माने वापरावा लागतो. पावसाळ्यात त्याला हात लावायचा नाही, कारण तेव्हा बेटात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटत असतात. त्यातले काही आपण भाजीला आणतो, ते ठीक, पण बेट तुडवले तर पुढची पिढीच खुंटते. कोवळा बांबू तोडला तर तो वाळताना आकसतो आणि भुंगा त्याला पोखरतो, म्हणून तीन वर्षांचा पक्का बांबू निवडायचा, तोही हिवाळ्यात, जेव्हा त्याच्यातला गोडवा कमी झालेला असतो. पूर्वी बुरूड आणि शेतकरी तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. आता बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवतात, म्हणजे कीड आणि बुरशी दोन्ही दूर राहतात. न मुरवलेला बांबू एक-दोन हंगामांत धूळ होतो. मुरवलेला, सावलीत रचलेला आणि जमिनीपासून उचलून ठेवलेला बांबू कितीतरी अधिक काळ साथ देतो. देशाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत बांबूसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, बांबूच्या रचनेसाठी भारतीय मानकही आहे. म्हणजे शास्त्राची बाजू आता लंगडी राहिलेली नाही. राहिली आहे ती सवय.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा एक जुना सल आठवल्याखेरीज राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारचा बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. गावकऱ्याला निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेचे, चार बांबू मिळवायला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवून टाकले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले, आणि वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची झाडाच्या व्याख्येतून सुटका झाली ती २०१७ साली. मधल्या काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने जे केले, ते महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने अभ्यास केला, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मोहनभाऊ आज आपल्यात नाहीत. त्यांनी ज्या ग्रामसभांचे स्वप्न पाहिले, त्यांतल्या पुष्कळ आज स्वतः बांबू तोडतात, स्वतः लिलाव करतात, मजुरी स्वतः वाटतात. कोरचीसारख्या तालुक्यात त्यांची महाग्रामसभाही आहे.

मग यापुढचे पाऊल का टाकू नये? बांबू विकला की तो एकदाच पैसे देतो. तोच बांबू पारखून, मुरवून, लांबीप्रमाणे लावून, पेरावर खूण करून ग्रामसभेने आपल्या आगारात ठेवला आणि परांचीसाठी, टेकूसाठी, मजुरांच्या निवाऱ्यासाठी भाड्याने दिला, तर तो हंगामामागून हंगाम पैसे देईल, आणि रानातून दरवर्षी तोडायचा आकडाही कमी होईल. गावातला जो तरुण मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि तिथे दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर फाटक्या ताडपत्रीखाली दोन महिने काढतो, त्याला परांची बांधण्याचे आणि उतरवण्याचे रीतसर शिक्षण मिळाले, तर तोच हंगाम तो आपल्या मुलखात काढील. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे टोपल्या, फर्निचर आणि शोभेच्या वस्तूंबरोबर परांचीच्या गाठीही शिकवल्या जाव्यात, ही काही अवाजवी मागणी नव्हे.

चिचपल्लीचे नाव घेतले की एक दुखरी आठवण येते. तिथली बांबूची देखणी वास्तू २०२१ च्या फेब्रुवारीत आगीच्या तोंडी सापडली आणि डोळ्यांदेखत फार मोठे नुकसान झाले. २०२५ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या ताय पो भागातल्या वांग फुक कोर्ट वसाहतीत दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना आग लागली, सात मनोरे पेटले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या इमारतींभोवती बांबूची परांची होती. तपासात प्रामुख्याने बोट ठेवले गेले ते भोवती लावलेल्या ज्वलनशील जाळीवर आणि खिडक्यांवर बसवलेल्या फोमच्या पाट्यांवर. पण बांबू जळतो, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही. शतकानुशतके बांबूच्या परांचीवर उभे राहिलेले ते शहर आता सरकारी कामांत हळूहळू धातूकडे वळते आहे. आपल्याला याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात रानाला वणवे लागतात, मजुरांची चूल झोपडीला खेटून पेटते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. म्हणून बांबूची मर्यादा आखून घ्यावी: एक-दोन मजल्यांची घरकुले, शाळाखोल्या, अंगणवाड्या, समाजमंदिरे इथे तो शोभतो आणि पुरतोही, कारखान्याचे धुराडे, पुलाचे खांब आणि उंच इमारती इथे लोखंडी नळ आणि कुलुपासारखे बसणारे सांधेच हवेत. परांचीभोवती प्लास्टिकची जाळी लावायची तर ती आग न धरणारी असावी, चूल वेगळ्या आडोशाला असावी आणि वाळूच्या बादल्या नुसत्या तपासणीच्या दिवशी भरलेल्या नसाव्यात.

लोखंड आणि अॅल्युमिनियमही पुन्हा वापरण्याच्या धर्मात बसतात, किंबहुना उत्तम बसतात. अॅल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. मोठ्या गृहप्रकल्पांत त्याच्या साच्याची एकेक पाटी मजूर हाताने उचलतो आणि ती शंभरावर स्लॅबांना पुरते. आपल्या गावच्या एका घरकुलाला एवढा महाग साचा परवडणार नाही, पण तालुक्याला एक संच असेल आणि तो गावोगाव फिरेल, तर का परवडू नये? सेंट्रिंग भाड्याने आणण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तिच्यात एकच खोट आहे. भाडे दिवसावर असते, म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस हलवू नयेत, असे भारतीय मानक सांगते. भाडे दिवसावर न धरता स्लॅबवर धरले, तर घरमालकाला ही घाई करावी लागणार नाही. ठरवले तर हा बदल याच हंगामात होऊ शकतो.

शेवटी उरतो तो माणसांचा निवारा, आणि मनाला सर्वांत जास्त टोचतो तोही तोच. छत्तीसगडहून, झारखंडहून, बिहारहून आलेली माणसे आपले पूल आणि आपले दवाखाने बांधताना पत्र्याच्या खोक्यात राहतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा त्या टिनाखाली दुपारी कुणाला थांबवत नाही, रात्रीही झोप लागत नाही. आणि पौषात तोच टिन गारठ्याने घाम धरतो. तान्ही लेकरे तिथेच असतात. आपल्याकडचा बुरूड बांबूचे जे तट्टे विणतो, त्यांचे दुहेरी पाखे हलक्या चौकटीत बसवून, नटबोल्टने जोडून, जमिनीपासून हातभर उंच असे घर उभे करता येते. सहा महिन्यांनी ते सोडून एका ट्रॉलीत घालून पुढच्या कामावर नेता येते. बांबूच्या चटईपासून केलेले नालीदार पत्रे बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने विकसित केलेले आहेत. टिनापेक्षा ते कमी तापतात. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये शिगेरू बान या जपानी वास्तुकाराने कागदी नळ्यांच्या भिंती, पडक्या घरांच्या राडारोड्याचा पाया आणि चिरलेल्या बांबूच्या कमानींचे छप्पर अशी घरे उभारली होती. संकटात सापडलेल्या माणसालाही सुबक निवारा द्यावा, एवढीच त्यामागची जाणीव. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी कुटुंबांनी पत्र्याच्या निवाऱ्यात लांबलचक काळ काढला होता, हे आठवले की तात्पुरते म्हणून जे देतो तेही नीट द्यावे, हे पटते. दोन वर्षे चालणाऱ्या कामावर मुलाच्या बालपणाचीही दोन वर्षे जातात; ती तात्पुरती म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत.

१८ सप्टेंबरचा जागतिक बांबू दिन नुकताच होऊन गेला. त्या दिवशी भाषणे झाली, रोपे लावली गेली. उद्या आपण आपट्याची पाने हातात देऊन एकमेकांचे भले चिंतू. त्यानंतर कामे सुरू होतील, निविदा निघतील, घरकुलांचे हप्ते पडतील. सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने निविदेत तीन गोष्टींना वेगळी जागा द्यावी: परांची आणि टेकूंचा माल परत वापरण्याजोगा असणे, उतरवण्याची स्वतंत्र मजुरी, आणि मजुरांचा निवारा काढून जमीन सपाट करून दिल्याखेरीज शेवटचे देयक न काढणे. बाहेरून आलेल्या मोठ्या उद्योगांनी आपल्या ठेकेदारांना हेच बंधन घालावे आणि बांबूचा माल ग्रामसभांकडून भाड्याने घ्यावा. गवंड्याने खिळ्याऐवजी दोर वापरावा. घर बांधणाऱ्याने ठेकेदाराशी बोलणी करताना स्लॅबच्या दराबरोबर एवढे विचारावे, की हे सामान इथून पुढे कुठे जाणार आहे. आणि दिवाळीनंतर ज्या ग्रामसभा बांबूच्या तोडीचा विचार करायला बसतील, त्यांनी विक्रीच्या विषयाच्या खालोखाल भाड्याच्या आगाराचा विषय घ्यावा. यंदा ज्यांच्या दारात काम निघणार आहे, त्यांनी त्या बैठकीला आवर्जून जावे.